भोवळ, मार्माइट आणि सातपुडा

घेरी, भोवळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, मूर्च्छा. या एका अनुभवासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्र हे सारे शब्द पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाक्याने मिटवले गेले: ‘अशा दिवसांत व्हायचंच.’ सुश्रुतसंहितेतही गर्भधारणेच्या आरंभीच्या लक्षणांत श्रम आणि ग्लानी यांची नोंद आहे. नोंद अचूकच आहे. परंतु एखादी गोष्ट ‘लक्षण’ ठरली की तिचे कारण विचारणे थांबते. आजचा धागा कारण विचारणाऱ्यांविषयी आहे. तो मुंबईच्या गिरणगावातून निघतो आणि नंदुरबारला पोहोचतो.

१९२० च्या दशकात मुंबईतील गरीब गर्भवतींमध्ये तीव्र रक्तक्षय आढळत होता. स्त्रिया पांढऱ्याफटक पडत, उभ्या राहिल्या की कोसळत. कित्येक बाळंतपणात दगावत. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९२८ मध्ये लंडनहून डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे संशोधन सुरू झाले. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. आपली पुस्तके एक घटना वैद्यकाच्या कप्प्यात आणि दुसरी कामगार चळवळीच्या कप्प्यात ठेवतात. मला हा कप्पेबंदपणा खटकतो, कारण दोन्हीकडे प्रश्न त्याच शहरातल्या कष्टकरी गर्भवतींचा होता.

विल्स प्रयोगशाळेत अडकून पडल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्यासमवेत त्यांनी रुग्ण स्त्रियांचा आहार आणि राहणीमान तपासले. ताटात भाजीपाला, फळे, दूध जवळजवळ नव्हतेच. तोच आहार उंदरांना दिला, तेव्हा उंदीरही रक्तक्षयी झाले; मात्र पुढे लक्षात आले की त्यांच्या रक्तक्षयामागे उवांमधून पसरणारा एक संसर्ग होता. मग माकडांवर प्रयोग झाले. त्यांत एका माकडाला मार्माइट दिले गेले. बिअर तयार करताना उरलेल्या यीस्टपासून बनणारा, पावाला लावून खाण्याचा हा खारट, काळपट लगदा. माकड सुधारले. मग तो रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्याही झपाट्याने सावरल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातली खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क गुणकारी ठरत होता. या स्त्रियांना तो फारसा उपयोगी पडला नाही. अर्थात, दोन्ही आजार वेगळे होते. मार्माइटमधला तो अनाम घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा केला गेला, तर पुढे अमेरिकेतील ज्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला, त्याचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

तथापि प्रत्येक भोवळ रक्तक्षयाची नसते. गरोदरपणात शरीरातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. एरवी स्वायत्त चेतासंस्था आपल्या नकळत हृदयाची गती वाढवून तोल सांभाळते. ती कमी पडली की अंधारी येते. १९५३ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या डॉक्टरांनी आणखी एक कारण स्पष्ट मांडले: उताणे झोपल्यावर वाढलेले गर्भाशय हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला दाबते आणि रक्तदाब कोसळतो. डाव्या कुशीवर वळताच तो सावरतो. ‘डाव्या कुशीवर नीज’ हा सल्ला आज प्रत्येक गर्भवती ऐकते. त्यामागे हे निरीक्षण आहे. उठताना आधी बसावे, मग सावकाश उभे राहावे, पाणी वेळेवर प्यावे, हेही त्याच शरीरव्यापारातून आलेले. चकरेबरोबर रक्तस्राव, छातीत दुखणे किंवा धाप असेल, तर मात्र थेट रुग्णालय गाठायचे.

आता सातपुडा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरी पाड्यांतून गर्भवतीला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते, नर्मदेच्या काठी दवाखानाच बोटीतून येतो. इथे भोवळीचे आणखी एक कारण संभवते: सिकलसेल. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळला. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी १० ते २० दिवस. शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि त्यासाठी फोलेट खर्ची पडते.

१९७० पासून सरकारी कार्यक्रमातून गर्भवतींना मिळत आलेल्या गोळीत लोह आणि फोलिक आम्ल असे दोन घटक आहेत. आज तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. सिकलसेलच्या रुग्णाला त्यातला फोलिक आम्लाचा भाग अधिक मात्रेत लागतो. लोह मात्र रक्त तपासून, डॉक्टरांनी ठरवल्यावरच. म्हणून सातपुड्यातल्या गर्भवतीची आधी सिकल चाचणी व्हायला हवी. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर ती स्त्री केवळ वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसकडे जातो.