नौतोफा, विमानविरोधी (मोठ्या व्यासाच्या)

युद्धनौकांवरील मोठ्या तोफांनी विमाने पाडण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात झाला, तो फसला. जपानच्या ‘यामातो’वर ४६ सेंमी. व्यासाच्या ९ तोफा होत्या. त्यांच्यासाठी शेकडो ज्वालाग्राही नळ्या भरलेले ‘सान-शिकी’ गोळे बनवले होते. पण मिनिटाला जेमतेम दोन गोळे, सावकाश फिरणारा तोफांचा अजस्र बुरूज आणि आधीच ठरवून ठेवावी लागणारी स्फोटाची वेळ यांमुळे दिशा बदलणारे विमान सहज निसटे. शिवाय तोफेच्या दणक्याने डेकवरच्या लहान तोफांवरील सैनिकांना आडोसा घ्यावा लागे. हा तोटा सर्वांत गंभीर मानला पाहिजे. ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी यामातो बुडवली, तेव्हा त्यांची अवघी १० विमाने पडली. याउलट, लक्ष्याजवळ येताच गोळा आपोआप फोडणारे फ्यूज १९४३ पासून वापरात आल्यावर अमेरिकेच्या १२७ मिमी. तोफा खऱ्या परिणामकारक ठरल्या.

मोठ्या तोफांकडे विमानविरोधी काम न सोपवण्याची रीत भारतातही दिसते. भारतीय नौदलाच्या पश्चिमी ताफ्याची १९७१ मधील ध्वजनौका ‘मैसूर’ हिच्या मुख्य तोफा १५२ मिमी. होत्या, विमानांसाठी १०२ मिमी. तोफा वेगळ्या होत्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ या युद्धनौकेवर (२०२१) मुख्य तोफ ७६ मिमी.ची असून विमानांचा मुख्य प्रतिकार क्षेपणास्त्रांकडे आहे.