सेवाग्राम, नागपूरचे रात्रीचे विमानटपाल व जे. आर. डी. टाटा

सेवाग्राम हे नाव टपालाच्या अडचणीतून निघाले. महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्यानजीकच्या ज्या खेड्यात राहावयास गेले, त्याचे मूळ नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तर भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे प्रसिद्ध स्थानक. साहजिकच पत्रे तिकडे वाहवत जात. 1940 मध्ये नाव बदलून 'सेवाग्राम' झाले आणि हा घोटाळा मिटला. ज्या खेड्याशी साऱ्या देशाचा पत्रव्यवहार चाले, त्याच्यापासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवरील नागपूर पुढे नऊच वर्षांत हिंदुस्थानच्या विमानटपालाचे मध्यवर्ती ठाणे झाले. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या चरित्रातील एका वादाचा संबंध याच ठाण्याशी आहे. त्यांच्या सन्मानांच्या झगमगाटात तो बहुधा झाकून जातो.

टाटांचा विमानाशी संबंध प्रथमपासूनच टपालाचा. 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांस 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला होय. 15 ऑक्टोबर 1932 रोजी पस मॉथ जातीच्या लहानशा विमानातून कराचीचे टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. तेथून मद्रासपर्यंतचा पल्ला त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुरा केला. उतारू ही गोष्ट मागाहून आली. पुढे 1946 मध्ये टाटा एअर लाइन्सचे 'एअर इंडिया' या सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले, आणि 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनकडे निघाले.

रफी अहमद किडवाई हे त्या वेळी दळणवळणमंत्री होते. त्यांच्या प्रेरणेने 30 जानेवारी 1949 रोजी, म्हणजे गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीस, रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून विमाने रात्री निघत. मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती परत जात. युक्ती भूगोलाची होती. देशाच्या मध्यावर असल्याचा जो लाभ पूर्वी वर्धा-नागपूरच्या रेल्वेस मिळाला होता, तोच आता विमानांस मिळाला. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली, त्यामुळे योजनेस चांगलेच बळ आले.

टाटांनी या योजनेस उघड विरोध केला. रात्री उतरण्याच्या व मार्गदर्शनाच्या सोयी अपुऱ्या आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मंत्री चिडले, वाद वृत्तपत्रांत गेला. टाटांचा विरोध हा प्रस्थापित कंपनीचा नवागतांवरील रोष होता काय? तो अंश त्यात असणे शक्य आहे, कारण युद्धोत्तर काळात परवाने मिळालेल्या कंपन्यांची संख्या धंद्याच्या मानाने फार झाली होती. परंतु आक्षेप केवळ स्वार्थाचा ठरविणे अन्यायाचे होईल. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली 1950 मध्ये नेमलेल्या चौकशी समितीनेही कंपन्यांची बेसुमार वाढ हेच दुखणे मानले. मात्र तूर्त राष्ट्रीयीकरण करू नये, असे तिचे मत पडले. इकडे सेवा चालू राहिली व लोकांस उपयोगी पडली, एवढे श्रेय किडवाईंच्या पदरी घातलेच पाहिजे.

1 ऑगस्ट 1953 रोजी राष्ट्रीयीकरण झालेच. आठ देशांतर्गत कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. रात्रीचे टपाल वाहणारी हिमालयन एव्हिएशन ही त्यांपैकीच एक. टाटांस हा निर्णय मान्य नव्हता; तरीही एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले, आणि पंचवीस वर्षे सांभाळले. आपल्या हातून काढून घेतलेली संस्था दुसऱ्याच्या वतीने इतक्या निष्ठेने चालविणारा उद्योगपती विरळाच म्हणावा लागेल.

सन्मानांची यादी मोठी आहे. 1955 मध्ये पद्मविभूषण, 1958-59 मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे अध्यक्षपद, 1979 मध्ये टोनी जॅनस पारितोषिक, 1988 मध्ये डॅनियल गुगेनहाइम पदक, 1992 मध्ये भारतरत्न. यांच्यामध्येच फेब्रुवारी 1978 येतो. मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्या महिन्यात त्यांस अध्यक्षपदावरून दूर केले आणि त्या जागी एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल यांची नेमणूक केली. 1980 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने टाटांस संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपद मात्र दिले नाही. 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हे पहिले उड्डाण जुन्या धर्तीच्या विमानातून पुन्हा करून दाखविले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनीव्हा येथे ते निवर्तले. 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली.