विभक्त दांपत्याचे संयुक्त घर व गृहकर्ज
पती-पत्नी विभक्त झाल्यावर दोघांच्या नावावरील घराची मालकी आणि त्यावरील गृहकर्ज हे भारतीय कायद्यानुसार दोन स्वतंत्र प्रश्न ठरतात. मालकीचा वाद कौटुंबिक न्यायालयात सोडवता येतो. परंतु घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने बँकेशी झालेला कर्जकरार आपोआप बदलत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, अन्यथा करार नसल्यास, धनको कोणत्याही एका सहकर्जदाराकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो. त्यामुळे घर सोडून गेलेली व्यक्तीही थकीत हप्त्यांना जबाबदार राहते. वाट्याहून अधिक रक्कम भरणाऱ्यास ती दुसऱ्याकडून वसूल करता येते.

एकाने आपला हिस्सा दुसऱ्यास सोडल्यास हक्कसोडपत्राची नोंदणी आवश्यक असते. मात्र त्याने कर्जातून मुक्तता होत नाही. त्यासाठी बँकेची स्वतंत्र संमती किंवा घर विकून कर्जफेड करावी लागते.