जुनं भविष्य परत द्या!
गेलेल्या कालसाठी माणसं हळहळतात, हे ठाऊक होतं. गेलेल्या उद्यासाठीही हळहळतात, हे मला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या भक्तांनी शिकवलं. १९५५ साली तिथं ‘टुमॉरोलँड’ उभं राहिलं, ते १९८६ सालचं जग म्हणून! पण काळ कसला थांबतोय! १९६७ साली हा ‘उद्या’ नवा करावा लागला, १९९८ साली पुन्हा. १९६७ची संथ ‘पीपलमूव्हर’ गाडी १९९५ साली बंद झाली. तिच्याच मार्गावर १९९८ साली धावू लागलेले सुसाट ‘रॉकेट रॉड्स’ २००० सालीच थंडावले. भक्तांत दोन तट. एक म्हणतो, नवं भविष्य आणा. दुसरा म्हणतो, आमचं जुनं भविष्य परत द्या! दुसऱ्याला हसायचा मला काही धीर होत नाही. वडिलांचं बोट धरून त्यानं जो उद्या पाहिला, त्या उद्यात वडील होते.