पाच रुपयांचा संयम

महाराष्ट्रात दारू विकायला परवाना लागतो, तसा ती विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायलाही लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. विदेशीचा वर्षाचा हवा असेल तर शंभर रुपये, तहहयात हवा तर हजार. नाक्यानाक्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ असे ठळक लिहिलेले असते. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात परमिट आहे, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मालक एक दिवसाच्या परवान्यांचे गठ्ठे आणून ठेवतो आणि विक्रीचा हिशेब जुळवण्यापुरते ते खपवतो. पिणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. माणसाच्या तलफेवर सरकारी शिक्का मारण्याची ही युक्ती कुठून आली, हे शोधू गेले तर तीन राजवटी मागे जावे लागते.

पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी त्या काळच्या दारूबंदीची नोंद केली आहे. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामदार यांना दारू सक्त मना होती. कोकणातल्या भंडारी, कोळी अशा जातींना मात्र सूट होती. बंदी मोडल्याचा संशय असलेल्या नाशिकच्या काही भटांना किल्ल्यांवर कैदेत टाकले गेले. खेड तालुक्यातल्या एका पाटलाने दारू सोडण्याचा शब्द पाळला नाही, म्हणून त्याची निम्मी इनाम जमीन जप्त झाली. म्हणजे कोणी प्यावे आणि कोणी नाही, हे माणसाची जात आणि त्याचा हुद्दा ठरवत असे. सरसकट बंदी आणि ठरावीक लोकांना मुभा ही जोडी तेव्हापासूनची.

इंग्रजांनी प्रश्नच बदलला. पिणारा कोण, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. विकणारा किती भरतो, एवढेच त्यांनी विचारले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी मुठीत आले. ताडामाडाच्या झाडावरही कर बसला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले. आदिवासी पाड्यावर जे वर्षाचे धान्य होते, औषध होते आणि सणाचे पेयही होते, ते एका कलमासरशी संशयाचा माल ठरले. घरची दारू गुन्हा आणि मक्त्याची दारू महसूल, असा हिशेब बसला. दुकाने वाढली, तसा तिजोरीचा वाटाही वाढला.

विरोध इथूनच सुरू झाला. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली टिळकांच्या पाठबळावर पुण्यातल्या दुकानांपुढे स्वयंसेवक निदर्शने करत उभे राहिले. १९१९ साली ‘एकच प्याला’ हे नाटक रंगमंचावर आले. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या पेल्याची किंमत त्याची बायको सिंधू चुकवते, हे गडकऱ्यांनी प्रेक्षकांना इतके लख्ख दाखवले की पुढच्या पिढ्यांना दारूबंदीच्या बाजूचा वेगळा युक्तिवाद शिकवावा लागला नाही. कायद्याच्या पुस्तकात मात्र सिंधूला जागा मिळायला अजून कितीतरी वर्षे होती.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसला. ताडी आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाची मोठी गुंतवणूक होती, त्यामुळे स्वतः पारशी असलेल्या गिल्डरांना घरच्यांचाच रोष पत्करावा लागला. काही महिन्यांत महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला.

स्वातंत्र्यानंतर तो दुप्पट जोमाने परतला. खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध राज्य कोरडे झाले. सरसकट बंदी म्हटली की अपवाद आलेच. परदेशी राजदूत, वकिलातीतले अधिकारी, बाहेरून आलेले पाहुणे, पर्यटक, लष्करातले लोक यांच्यासाठी वेगवेगळी कलमे होती. इथल्या माणसाला प्यायची असेल, तर प्रकृतीसाठी ती आवश्यक असल्याचा डॉक्टरी दाखला आणावा लागे. मग महिन्याला किती ‘युनिट’ मिळणार ते परमिटवर लिहून मिळे. तलफेचे रेशनकार्डच ते. पेशवाईत जात पाहिली जायची. आता नाडी पाहिली जाऊ लागली. धडधाकट माणसाला दारू वर्ज्य आणि आजाऱ्याला चालेल, असे कायदा म्हणू लागल्यावर गावात आजारी वाढले, यात नवल ते काय!

एफ. एन. बलसारा हे गृहस्थ या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअर यांच्या जोडीने त्यांनी ओ-डि-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्या-वापरण्याचा हक्कही मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. दारूबंदीचा गाभा टिकला. मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी, तसेच दारूची नुसती वाखाणणी करण्यावरची बंदी रद्द ठरली. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि कायदा माणसाच्या रक्तापर्यंत पोचला. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडले, तर ते औषधातून किंवा तशाच मुभा असलेल्या पदार्थातून आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली.

ज्यांच्याकडे डॉक्टरही नव्हता आणि परमिटही, त्यांनी हातभट्टी गाठली. काळा गूळ आणि नवसागर यांची दारू खाडीकाठी, झोपडपट्टीत गाळली जाई आणि टायरच्या ट्यूबमधून शहरभर फिरे. मुंबईत ‘आंटीचा अड्डा’ ठाऊक नसलेला माणूस विरळा. धंदा गुंडांच्या हाती गेला, हप्ता पोलीस ठाण्यात पोचू लागला, विषारी दारूने माणसे मरू लागली. १९६० च्या दशकात, वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, सरकारने लगाम सैल केला आणि परमिट सहज मिळू लागले. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि गुत्त्याला अधिकृत पाटी मिळाली. कायदा मात्र कोणी रद्द केला नाही. दारूबंदी हे राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातले मार्गदर्शक तत्त्व. ते मोडले असे म्हणवून घ्यायची कोणत्याच सरकारची तयारी नव्हती. म्हणून बंदी कायम राहिली आणि सूट सर्वांना मिळाली. डॉक्टरचा दाखला गळून पडला, उरली ती पाच रुपयांची पावती.

या सगळ्या वाटचालीत कागदाने जात विचारली, मक्त्याची रक्कम विचारली, नाडी विचारली आणि शेवटी तो काहीच विचारेनासा झाला. पिणाऱ्याच्या घरी काय चालले आहे, हे कोणत्याच फॉर्मवर नव्हते. तो प्रश्न बायकांनी स्वतः आणला. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू हे कारण पुन्हा पुढे आले. पण जिल्ह्याच्या बंदीपेक्षा वेगळी एक वाट गावपातळीवर उघडली आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानावर महिलांचे गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद.

इथे तलफ ज्याची त्याला विचारलेच जात नाही. ती ज्यांना सोसावी लागते त्यांना विचारले जाते. इतक्या वर्षांत दारूच्या कागदावर झालेला मला तरी हा एकच खरा बदल दिसतो. पण त्यातही एक मेख आहे. बहुमत मोजायचे ते मतदानाला आलेल्या बायकांचे नव्हे, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांचे. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी असलेली, नवऱ्याने उंबऱ्यावरच अडवलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. पिणाऱ्याला पाच रुपयांत संमती मिळते, तिची संमती तर न विचारताच धरली जाते. तलफेवर लगाम घालायची खरीच इच्छा असेल, तर सरकारने आधी हा हिशेब बदलावा.