‘रॉकी’ चित्रमाला व तिच्यावरील मुष्टियुद्ध-खेळ : एका पराभवाचा इतिहास

एखाद्या प्रत्यक्ष घटनेची कथा होते व त्या कथेचा पुढे खेळ होतो, तेव्हा मूळ घटनेतील कोणता अंश टिकतो आणि कोणता गळून पडतो, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा आहे. ‘रॉकी’ या अमेरिकन चित्रमालेवर आधारलेले जुने व्हिडिओ गेम या दृष्टीने उद्‌बोधक ठरतात.

या कथेचे मूळ दि. २४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यातील रिचफील्ड येथे झालेल्या लढतीत आहे. त्या दिवशी जगज्जेता महंमद अली याच्यासमोर न्यू जर्सीचा चक वेप्नर हा फारसा नावलौकिक नसलेला मुष्टियोद्धा उभा राहिला. नवव्या फेरीत अली खाली पडला. तथापि पंधराव्या फेरीत, लढत संपण्यास अवघे १९ सेकंद उरले असता, पंचाने ती थांबविली व वेप्नर पराभूत ठरला.

या लढतीवरून सिल्व्हेस्टर स्टॅलोन यास सुचलेल्या कथेवर १९७६ साली ‘रॉकी’ हा चित्रपट निघाला. त्यात फिलाडेल्फियाचा रॉकी बॅल्बोआ पंधराही फेऱ्या पूर्ण करतो. मात्र विभागलेल्या निर्णयाने विजय अपोलो क्रीड यासच मिळतो. वेप्नरला जे १९ सेकंद लाभले नव्हते, ते कथाकाराने आपल्या नायकास दिले. विजय मात्र दिला नाही. अखेरपर्यंत पायांवर उभे राहणे हेच या कथेतील यश होय. खुद्द वेप्नरला या यशात वाटा मिळाला नव्हता. त्याने २००३ साली स्टॅलोनवर दावा लावला व २००६ साली तो तडजोडीने मिटला.

चित्रपट निघाला त्याच वर्षी, म्हणजे १९७६ साली, सेगा या जपानी कंपनीने ‘हेवीवेट चॅम्प’ हे मुष्टियुद्धाचे नाणेयंत्र बाजारात आणले. खेळणारा त्यात हातमोज्याच्या आकाराची मूठ चालवून ठोसे लगावीत असे. ‘रॉकी’च्या नावाचा घरगुती खेळ मात्र १९८३ साली कोलेको कंपनीने कोलेकोव्हिजन यंत्रासाठी काढला. तो आदल्या वर्षीच्या तिसऱ्या चित्रपटावर बेतलेला असून त्यात रॉकी व क्लबर लँग यांची लढत होती. १९८७ साली सेगाने मास्टर सिस्टिम यंत्रासाठी दुसरा खेळ तयार केला. त्यात क्रीड, लँग व रशियन इव्हान ड्रॅगो यांना क्रमाने हरवावे लागते.

येथे मूळ कथेत मोठा पालट झालेला दिसतो. सेगाच्या खेळात क्रीडला हरविल्याखेरीज लँगपर्यंत पोचता येत नाही. हरणाऱ्याचा खेळ तेथेच संपतो. १९७९ च्या दुसऱ्या चित्रपटात रॉकी क्रीडवर मात करतोच, तेव्हा यात विसंगती कोणती, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु तो विजय पहिल्या पराभवावर उभा आहे. खेळाने दोन लढतींची एकच लढत केली व पहिली पुसून टाकली. घटनेत पराभव, चित्रपटात सन्मानाने पत्करलेला पराभव आणि खेळात विजयाची सक्ती, असा हा क्रम आहे.

चित्रपटाचा दुसरा धागा मात्र या खेळाने जपला आहे, आणि तो म्हणजे कष्टाचा. प्रत्येक लढतीपूर्वी सराव ठेवलेला असून ठरावीक वेळात ठोशांचे लक्ष्य गाठल्यास रॉकीचे बळ वाढते. खेळणाऱ्याची बोटे खरोखरच दुखू लागतात.

या दुखण्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा चौदाव्या फेरीत कोसळला व काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने १९८३ पासून विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. कालांतराने इतर प्रमुख संस्थांनीही तेच केले. कोलेकोचा खेळ याच वर्षीचा. ज्या पंधरा फेऱ्या तगून राहण्यात रॉकीचे यश होते, त्या रिंगणातून मावळत असतानाच तो घरोघरच्या पडद्यावर आला. आणि तेथे पडलेला योद्धा बटण दाबताच पुन्हा उभा राहतो.

२००४ च्या ‘रॉकी लेजंड्स’ने क्रीड, लँग व ड्रॅगो यांच्याही कारकिर्दी खेळणाऱ्याच्या हाती दिल्या. पराभूतांकडे पाहण्याची ही नवी दृष्टी होय. तथापि त्यांनाही जिंकतच पुढे जावे लागते. हरूनही मोठा ठरणारा माणूस हा या चित्रमालेचा आरंभबिंदू होता. तिच्या खेळांनी नायकाचे नाव, त्याचा घाम व त्याचे प्रतिस्पर्धी जतन केले. त्याचा पराभव मात्र, आणि त्याबरोबर वेप्नरच्या त्या १९ सेकंदांचा अर्थ, त्यांच्या हातून निसटला.