रेयॉनचा ताळेबंद

कल्याणच्या रेयॉन उद्योगाचा इतिहास बहुधा मालक, कामगार, टाळेबंदी आणि बिघडलेली उल्हास नदी एवढ्यात सांगून संपतो. मोहन्याची नॅशनल रेयॉन १९४६ची, शहाडची सेंच्युरी रेयॉन १९५६ची. पहिली २००९मध्ये बंद पडली. पण धुराड्यातून आणि नाल्यातून काय बाहेर पडणार, हे कुठल्याही व्यवस्थापकाच्या आधी लव्हाझिए (रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही) आणि प्रूस्ट (पदार्थांच्या संयोगाची प्रमाणे ठरलेली असतात) यांच्या नियमांनी ठरवून ठेवले होते. डाल्टनने १८०८च्या आपल्या ग्रंथात त्यामागचे कारण अणूंमध्ये शोधले: अणूंची वजने ठरलेली, म्हणून संयोगाची प्रमाणेही ठरलेली.

व्हिस्कोज रेयॉनसाठी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांनी विरघळवतात, मग सल्फ्युरिक आम्लात त्याचे सूत काढतात. गंमत अशी, की सूत म्हणजे पुन्हा सेल्युलोजच. कॉस्टिकमधला सोडियम त्यात उरत नाही. दर ८० टन कॉस्टिकला ९८ टन आम्ल लागते आणि १४२ टन सोडियम सल्फेट व ३६ टन पाणी तयार होते. कॉस्टिक मिठापासून विजेने काढला, तर दर ४० टनांमागे साडेपस्तीस टन क्लोरीन आणि एक टन हायड्रोजन गळ्यात पडतात, गिऱ्हाईक असो वा नसो. कार्बन डायसल्फाइडमधले गंधकही सुतात राहत नाही. परत मिळवले नाही, तर ते हवेत किंवा पाण्यात जाते.

यावर कुणी म्हणेल, की हा निसर्गाच्या नावाने दिलेला माफीनामा झाला. तसे नाही. नियम वजन ठरवतो, ठिकाण ठरवत नाही. सोडियम सल्फेटचे स्फटिक काढून ते काच किंवा कागदाच्या कारखान्यांना विकता येते, किंवा सांडपाण्यात सोडून देता येते. हा निर्णय माणसाचा. दुसरा आक्षेप पाऱ्याचा: पाऱ्याच्या विद्युतघटात कॉस्टिक बनवताना तो समीकरणात खर्च होत नाही, तरीही उल्हास खाडीच्या गाळात सापडला. पण हा आक्षेप नियमालाच बळ देतो. जो खर्च होत नाही, तो पुन्हा पुन्हा भरावा लागत असेल, तर त्याचा प्रत्येक किलो कुठेतरी गेलेला असतो. म्हणूनच डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या रसायन कारखान्यांचा इतिहास उत्पादनाच्या आकड्यांवरून लिहिणे अपुरे आहे. आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांच्या वजनांतला फरक हाच त्याचा खरा दस्तऐवज, आणि परवाना देणाऱ्याने पहिल्यांदा मागावा तोही हाच.